‘स्वतंत्र’ कारागीर आणि त्याचा मालक

आमच्या कामठीला १८२१ साली इंग्रजांची लष्करी छावणी बसली. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या वर्षांत, गोरे शिपाई जाऊन बराच काळ लोटला होता. पण छावणीलगतच्या पडीक जमिनीत पहिला पाऊस झाला की पांढऱ्या मातीच्या बारीक, पोकळ कांड्या उघड्या पडत. आम्ही पोरे त्या वेचून आणत असू आणि पाटीवर रेघोट्या ओढत असू. त्या कशाच्या, हे आम्हांला ठाऊक नव्हते. सांगणारेही कोणी नव्हते.

घरी माय विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात ओली पाने आणि जर्दा, हाताशी कैची, पत्र्याचा साचा आणि सुताचे रीळ. संध्याकाळी सट्टेदाराकडे माल घेऊन जायचे. तो मूठमूठ विड्या उचलून पाही आणि नापसंत विड्या बाजूला टाकी. याला छाट म्हणत. छाटीची मजुरी मिळत नसे, आणि छाटलेल्या विड्याही परत मिळत नसत. एकदा मायने आजारपणातले चार दिवस भरून मागितले. तेव्हा सट्टेदार म्हणाला, “बाई, तुम्ही आमच्या नोकर नाही. तुम्ही स्वतंत्र आहात. घरी बसता, मर्जीने वळता.”

घरी येताना मायने मला विचारले, “स्वतंत्र म्हंजे का रे?”

मी चौथीत होतो. पुस्तकातले उत्तर दिले, “ज्याले मालक नाही तो.”

माय थोडे चालली आणि म्हणाली, “मंग छाट कोन काढते?”

पुढे महाविद्यालयात इतिहास शिकवताना पुरातत्त्वावरील एका ग्रंथात मला त्या पांढऱ्या कांडीचे चित्र दिसले. ती तंबाखू ओढण्याच्या मातीच्या पाईपची दांडी होती. असे पाईप इंग्लंडात कोट्यवधींच्या संख्येने झाले आणि शिपायांच्या खिशांतून जगभर गेले. ते घडवणाऱ्या माणसाचे वर्णन त्या ग्रंथात दोन शब्दांत होते : स्वतंत्र कारागीर. मायचा प्रश्न मला आठवला. या लेखात तोच प्रश्न मी त्या कारागिराला विचारणार आहे.

तंबाखू इंग्लंडात आली ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सुरुवातीला ती इतकी महाग होती की पाईपची वाटी करंगळीचे टोक जेमतेम मावेल एवढीच असे. तंबाखू स्वस्त होत गेली तशी वाटी मोठी झाली, दांडी लांबली आणि दांडीतले भोक बारीक होत गेले. जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन संशोधकाने १९५४ साली ही भोके मोजून दाखवली. सतराव्या शतकाच्या आरंभी भोक ९/६४ इंच होते, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ४/६४ इंचावर आले. दांडीचा तुकडा सापडला की वस्तीचे वय सांगता येते, ते यामुळे. पाईप स्वस्त होता आणि पटकन मोडे. मोडला की लोक फेकून देत. म्हणूनच तो इतिहासकाराच्या कामाचा ठरला.

हे भोक पाडणे हेच त्या धंद्यातले कसब. डॉर्सेट-डेव्हनकडची पांढरी चिकणमाती आणून वाळवायची, कुटायची, भिजवायची, पुन्हा बडवायची. तिचे एका टोकाला गोळा आणि पुढे शेपटी असे लांबट रूळ वळायचे. रूळ जरा सुकला की तेल लावलेली तार शेपटीतून सरळ आत सारायची. तार बाहेर डोकावली की पाईप वाया. ती आत कुठवर पोचली हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळते. मग तारेसकट तो रूळ धातूच्या दुपाखी साच्यात घालून दाबायचा, दट्ट्याने वाटी पोकळ करायची. बाहेर काढून सांध्यावरची कड खरवडायची, सुकवायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि भट्टीत रचायचे. भट्टी बिघडली की आठवड्याची मेहनत गेली. हिशेब ग्रोसावर, म्हणजे बारा डझनांवर.

हे सगळे बहुधा राहत्या घरात किंवा मागच्या पडवीत चाले. कारागिराला शिटी वाजवून बोलावणारा गिरणीचा भोंगा नव्हता. तो उशिरा उठू शकत होता, सोमवार बुडवू शकत होता. या अर्थाने तो स्वतंत्र होता, हे मान्य केले पाहिजे. पण स्वातंत्र्य एवढ्यावर मोजायचे नसते.

माती पाहा. १६१९ साली पहिल्या जेम्स राजाने वेस्टमिन्स्टरच्या पाईपकारांच्या संघाला सनद दिली. हाच राजा १६०४ साली तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहून बसला होता आणि तंबाखूवर त्याने जबर जकात बसवली होती. व्यसन वाईट, पण त्याचा पैसा खजिन्याला चालतो, ही नीती आपल्याला नवी नाही. सनदेने धंदा संघाच्या सभासदांच्या हाती दिला, बाहेरच्याला अपराधी ठरवले. त्याच सुमारास पाईपच्या मातीच्या विक्रीचा मक्ताही राजाने दिला. ज्याच्या हाती माती, त्याच्या हाती कारागीर. तो आपल्या घरात बसून काम करतो की दुसऱ्याच्या, याने त्यात काही फरक पडत नाही.

नाव पाहा. पाईपच्या तळाच्या टाचेवर कारागिराच्या नावाची आद्याक्षरे किंवा खूण उमटवत. हॉलंडातील खौदा या गावी पाईपकारांचा संघ १६६० साली झाला. तिथे या खुणांची नोंद होई आणि त्या विकल्या जात, वारशाने मिळत, भाड्यानेही दिल्या जात. चांगली खूण ज्याची, त्याचा माल खपे. ज्याच्यापाशी स्वतःची खूण नव्हती त्याने दुसऱ्याची भाड्याने घ्यायची आणि आपल्या हाताचे काम त्याच्या नावाने विकायचे. खौदाच्या पाईपकारांना भाजणीसाठीही आपला माल कुंभारांच्या भट्टीकडे न्यावा लागे. म्हणजे माती एकाची, खूण दुसऱ्याची, भट्टी तिसऱ्याची, आणि कारागिराचे स्वतःचे काय, तर दोन हात.

हात तरी त्याचेच होते काय? साचा दाबणारा पुरुष असे. कड खरवडणारी, घासणारी, रचणारी बहुधा त्याची बायको आणि मुले असत. शिवाय गावातली निराधार मुले पॅरिशच्या खर्चाने सात-सात वर्षे उमेदवार म्हणून अशा घरांत बांधली जात. नवऱ्यामागे विधवेने धंदा चालवल्याच्या नोंदी गावोगावी आहेत. काम येत नसते तर तिला तो एका दिवसात कसा चालवता आला असता? पण नवरा जिवंत असेपर्यंत टाचेवर अक्षरे त्याची. संग्रहालयांतल्या हजारो पाईपांवर नवऱ्यांची नावे वाचता येतात. कड खरवडणारीचे नाव एकावरही नाही. स्वतंत्र कारागीर म्हणून जो इतिहासात नोंदला गेला, त्याच्या स्वातंत्र्याखाली त्याच्या घरातलीच बिनमजुरीची माणसे होती.

आणि त्यांच्याही खाली आणखी माणसे होती. पाईपकारांना सनद मिळाली त्याच १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे उतरवली गेली. पाईपात भरायची तंबाखू पुढे त्यांच्या वंशजांनी गुलाम म्हणून पिकवली. ब्रिस्टलला पाईपकारांचा संघ १६५२ साली झाला. तिथले पाईप जहाजांतून व्हर्जिनियाला गेले आणि पश्चिम आफ्रिकेलाही गेले. जिथे माणसांचा सौदा होई तिथे देण्याघेण्याच्या मालात पाईपही असत. ब्रिस्टलच्या पडवीत बसलेल्या गरीब माणसाला हे दिसत नव्हते, किंवा दिसूनही तो काही करू शकत नव्हता. मी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करीत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की शोषणाच्या उतरंडीत प्रत्येक मडक्याखाली दुसरे मडके असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातीविषयी सांगितले ते याच दिशेचे होते : ही नुसती कामाची वाटणी नाही, तिच्यात काम करणाऱ्यांचीच वरखाली वाटणी झालेली आहे.

या धंद्याचा शेवट कोणा कारागिराच्या चुकीने झाला नाही. खानावळवाले आणि दारूवाले पाईप ग्रोसाने घेत आणि गिऱ्हाइकाला फुकट देत. त्यामुळे भाव वाढवायला वावच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडी ब्रायर पाईप आला. १८८१ साली बॉन्सॅकने सिगारेटच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि दोनच वर्षांत ते ब्रिस्टलच्या कारखान्यात चालू लागले. श्रॉपशरमधील ब्रोझली या जुन्या पाईपगावातला शेवटचा कारखाना १९५० नंतरच्या दशकात थांबला. आज तिथे संग्रहालय आहे. कारागीर नाहीसा झाल्यावर त्याचा गौरव करायला कोणाचेच काही जात नाही.

आता आपल्याकडे वळू. यंत्राने पाईप संपवला, पण विडी संपवली नाही. याचे कारण एकच : आपल्याकडे हात यंत्रापेक्षा स्वस्त होते. विदर्भात त्या हातांमध्ये आपल्या समाजाचे हात फार. मुंबईच्या गिरण्यांत धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. पण आमच्या बायांच्या ओल्या बोटांनी वळलेली विडी सगळ्या आळीच्या ओठांत गेली. जिथे मजुरी बरी तिथे विटाळ आठवला, जिथे मजुरी हलकी तिथे त्याचा विसर पडला.

हे आधी ओळखले ते आमच्याच गावच्या बाबू हरदास एल. एन. यांनी. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी विडी मजुरांचा संघ उभारला, आणि ठेकेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर विडीचे काम सुरू केले, हे मात्र आपल्या भाषणांतून सहसा येत नाही. मजुराला खरोखर स्वतंत्र करायचे तर पाने, जर्दा आणि विक्री त्याच्या हाती आली पाहिजे, हा त्या प्रयोगाचा अर्थ होता. १९३७ साली ते विधिमंडळात गेले. १९३९ च्या जानेवारीत, पस्तिशीतच, क्षयाने गेले.

त्यानंतर ‘स्वतंत्र’ हा शब्द न्यायालयात पोचला. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदाराला स्वतंत्र कंत्राटदार मानले. म्हणजे त्याच्याकडे वळणारे मजूर कारखान्याचे कामगार उरले नाहीत. पुढच्या तीन-चार वर्षांत कारखान्यात येऊन विड्या वळणाऱ्यांचे दोन खटले तिथे आले. नागपूरच्या खटल्यात मजूर कामगार ठरले, दुसऱ्यात ठरले नाहीत. सूप तेच, कैची तीच, छाट तीच, आणि निकाल दोन. अखेर १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. घरी बसून वळणारी बाईही त्यात कामगार मानली गेली, आणि छाटीच्या तंट्याचा निवाडा कसा व्हावा तेही त्यात आले. मालकांनी त्याला आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. मायच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला देशाला इतकी वर्षे लागली. छाट जो काढतो तो मालक, हे तिला एका संध्याकाळी कळले होते.

हा कायदा २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या नव्या श्रमसंहितेत मिसळून टाकण्यात आला. शब्द मात्र गेलेला नाही. आज शहरात मोटारसायकलवरून घरोघर माल पोचवणाऱ्या तरुणाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते. त्यात आपली शिकलेली मुले पुष्कळ आहेत. दर कंपनी ठरवते, आणि काम नापसंत पडले की त्याचे खाते बंद करणारीही कंपनीच. छाट काढण्याची ही नवी रीत आहे.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. कोणी कष्टकऱ्याला ‘स्वतंत्र’ म्हटले की चार गोष्टी विचारा. कच्चा माल कोणाचा? दर कोण ठरवतो? खराब माल कोण ठरवतो? विकताना नाव कोणाचे लागते? चारही उत्तरे दुसऱ्याकडे बोट दाखवत असतील तर तो मजूर आहे, आणि त्याला मजुराचे सारे हक्क मिळालेच पाहिजेत. शिक्षकांना आणखी एक विनंती आहे. आपल्या गावातल्या विडी वळलेल्या म्हाताऱ्या बाया अजून हयात आहेत तोवर त्यांच्याकडे वही घेऊन बसा. हजारी दर काय होता, छाट किती निघे, कार्ड कोणाच्या नावावर होते, हे लिहून घ्या.

पाईप निदान मातीत टिकला. विडी जळून जाते. कट्ट्यावरच्या कागदावर छाप कारखानदाराचा असे. माझ्या मायने आयुष्यभर वळलेल्या विड्यांतली एकही कुठल्या जमिनीतून वर येणार नाही, आणि आली असती तरी तीवर तिचे नाव नसते. ते आपल्यालाच लिहावे लागेल.