अर्जातला एक रकाना

गेल्या महिन्यात मी माझ्या आयुष्यातला सर्वांत लांबलचक मजकूर लिहिला. तो कवितेचा नव्हता. माझी कविता चौदा-पंधरा ओळींच्या पुढे सहसा जात नाही. हा मजकूर होता व्हिसाच्या अर्जाचा. नाव, वडिलांचं नाव, आईची जन्मतारीख, पगार, घरखर्च, बँकेतली शिल्लक. तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? तुम्ही कधी दहशतवादी कृत्यात सामील होता का? हा प्रश्न सगळ्यांनाच असतो. तरी माझ्यासारख्या नावाचा माणूस तिथं 'नाही' लिहिताना दोनदा वाचून घेतो.

असो. ही उत्तरं सोपी होती. हात थांबला तो एका रकान्यापाशी. तिकडे तुमचं कोण आहे?

तिकडे माझी बायको आहे. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात तिनं बावीस वर्षं परिचारिकेचं काम केलं. मुलांच्या शिक्षणाचं कर्ज झालं, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिनं इंग्लंडमध्ये वृद्धांची शुश्रूषा करण्याचं काम स्वीकारलं. २०२४च्या पावसाळ्यानंतर ती गेली. त्याच वर्षी ११ मार्चपासून ब्रिटननं नवा नियम लागू केला होता. या कामासाठी नव्यानं येणाऱ्यांना नवरा, बायको किंवा मुलं बरोबर आणता येणार नाहीत. तिला भेटायचं तर मला पाहुणा म्हणूनच जायला हवं होतं. पाहुण्याला एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. मला तीन आठवडे पुरे होते.

आमच्या गावात असे अर्ज भरून देणारा एक ओळखीचा माणूस आहे. माझ्या भल्यासाठीच तो म्हणाला, "कविसाहेब, बायको तिथं आहे हे कशाला लिहिता? लंडन बघायचंय म्हणून लिहा. राणीचा राजवाडा, घड्याळाचा मनोरा. बायको म्हटलं की त्यांना वाटणार, हा गेला की परत यायचा नाही."

तो निघून गेला आणि मला नानीची आठवण झाली.

माझ्या नानीचे वडील केपटाऊनला होते. जुन्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या कितीतरी मुसलमान घरांतले पुरुष गेल्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेच्या त्या टोकाला गेले. तिथं त्यांनी लहानसहान दुकानं थाटली, पडेल ते काम केलं. बायका बहुतेक इकडेच राहिल्या. नानी सांगायची, "बापाला मी तीनदा पाह्यलं. बाकी फोटोत." तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण 'परमिट' हा इंग्रजी शब्द तिला येत होता. केप वसाहतीत १९०६ साली आलेल्या कायद्यानंतर तिथल्या हिंदी माणसाला मायदेशी जाऊन परत यायचं असेल तर ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागे. त्यावर फोटो आणि अंगठ्याचे ठसे असत. मुदत टळली की परतीचा दरवाजा बंद. म्हणून गावी आलेला बाप भाताची लावणी बघायचा, कापणीपर्यंत थांबायचा, पण नजर त्या कागदावर. नानीची आई आयुष्यभर नवऱ्याला नव्हे, त्या कागदाला घाबरून राहिली.

बायकोला घेऊन का नाही गेले? लहानपणी मी हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "म्हातारी माणसं होती, शेती होती." ते खरंच होतं. पण त्या उत्तरामागे एक कायद्याची गोष्टही होती, ती मला फार उशिरा वाचायला मिळाली.

दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ शहरात हसन इसप नावाचे हिंदी गृहस्थ राहत होते. ते हिंदुस्थानात आले आणि आपली पत्नी बाई मरियम हिला घेऊन परत निघाले. बंदरावर तिला उतरू दिलं नाही. हसन इसप न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ज्या धर्मात एकापेक्षा जास्त बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीनं लागलेलं लग्न या देशाचा कायदा लग्न मानणार नाही. या माणसाला बायको एकच आहे, याला काही महत्त्व उरलं नाही. मुभा आहे ना, मग संपलं.

या निकालाचा अर्थ बघा. एका दिवसात हजारो हिंदू आणि मुसलमान स्त्रिया कायद्याच्या नजरेत कुणाच्याच बायका राहिल्या नाहीत. त्यांची मुलं अनौरस ठरू लागली. निकाह झाला होता, सप्तपदी झाली होती, वऱ्हाड जेवलं होतं, पण बंदरावरच्या अधिकाऱ्याच्या वहीत त्याची नोंद शून्य.

तिथल्या हिंदी लोकांच्या तक्रारी जुन्याच होत्या. गिरमिटाची मुदत संपल्यावर स्वतंत्र राहू पाहणाऱ्या मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. तो रद्द व्हावा म्हणून आपल्या कोकणातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १९१२च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत गेले होते. कर जाईल, अशी त्यांची समजूत मंत्र्यांनी करून दिली, पण तो गेला नाही. त्यात हा लग्नाचा निकाल आला आणि आजवर घरात असलेल्या स्त्रिया लढ्यात उतरल्या. सप्टेंबर १९१३मध्ये सोळा सत्याग्रहींची पहिली तुकडी नाताळमधून परवान्याशिवाय ट्रान्सवालच्या सीमेकडे निघाली. त्यात चार स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या एक होत्या कस्तुरबा गांधी. फोक्सरस्टला त्यांना अटक झाली. तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. पाठोपाठ ट्रान्सवालच्या तमिळ स्त्रिया न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर गेल्या, त्यांनी मजुरांना हाक दिली आणि खाणी बंद पडल्या. तुरुंगातून ताप घेऊन आलेली वल्लिअम्मा ही सोळा वर्षांची मुलगी २२ फेब्रुवारी १९१४ रोजी वारली.

त्याच वर्षी कायदा झाला. तीन पौंडांचा कर गेला आणि एका पुरुषाची एक पत्नी आणि तिची अल्पवयीन मुलं यांना मान्यता मिळाली. लढा जिंकला. पण लग्न मान्य झालं तरी ते सिद्ध करायचं काम जोडप्याकडेच राहिलं. पुढे १९५३ साली वंशभेदी सरकारनं नवा कायदा करून हिंदुस्थानातून पत्नी आणण्याची वाटच बंद केली. आमच्या घरातली केपटाऊनची गोष्ट त्याच्या आधीच संपली होती. नानीचे वडील तिकडेच मातीआड झाले. त्यांच्या बायकोनं इद्दत पाळली ती एका पत्राच्या भरवशावर.

आपल्याला वाटतं, या जुन्या गोष्टी. पण हा प्रश्न नुसता बंदर बदलत राहिला. १९६२च्या कायद्यानं ब्रिटननं राष्ट्रकुलातल्या लोकांवर निर्बंध घातले. पुरुषांची वाट अरुंद झाली. बायका-मुलांना येता येई, पण १९६९पासून त्यांनी आपल्याच देशात आधी प्रवेशाचा दाखला मिळवायचा, असं ठरलं. म्हणजे नात्याची परीक्षा निघण्यापूर्वीच सुरू झाली. २४ जानेवारी १९७९ रोजी पस्तीस वर्षांच्या एक हिंदी शिक्षिका लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरल्या. त्यांचं तिथं लग्न ठरलं होतं. त्या खरोखरच अविवाहित आहेत का, याची 'खात्री' करण्यासाठी डॉक्टरकडून त्यांची शारीरिक तपासणी करण्यात आली. आठवडाभरात बातमी छापून आली, भारत सरकारनं निषेध केला आणि ती तपासणी थांबली. पुढे सरकारी दप्तरं उघडली तेव्हा कळलं, की हा प्रकार एकट्या त्यांच्याच वाट्याला आलेला नव्हता.

त्यानंतर, १९८०मध्ये, 'मुख्य हेतू'चा नियम आला. लग्न खरं आहे, हे आता पुरेसं नव्हतं. लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहणं हा नाही, हे परदेशी नवऱ्यानं सिद्ध करायचं. माणूस एका गोष्टीचा पुरावा देऊ शकतो, पण मनात अमुक गोष्ट नाही याचा पुरावा कुठून आणणार? ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पुरुषाला बायको आणणं त्या मानानं सोपं आणि तिथल्या स्त्रीला नवरा आणणं अवघड, अशीही तऱ्हा होती. तीन स्त्रिया स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. त्यांतल्या एकीचा नवरा आपल्याजवळच्या दमणमध्ये जन्मलेला होता आणि ब्रिटनमध्ये आला होता तो पाहुणा म्हणून. २८ मे १९८५ रोजी न्यायालयानं त्या स्त्रियांच्या बाजूनं निकाल दिला. स्त्री-पुरुषांत असा भेद करता येणार नाही. ब्रिटननं भेद मिटवला, पण तो नवऱ्यांची वाट सोपी करून नव्हे, तर बायकांचीही अवघड करून. 'मुख्य हेतू'चा नियम रद्द व्हायला १९९७ साल उजाडलं.

पाहुण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. अमेरिकेच्या १९५२च्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलं आहे, की पाहुणा म्हणून येऊ इच्छिणारा माणूस कायमचा राहायलाच येतो आहे असं धरून चालावं, आणि तसं नसल्याचं त्यानं पटवून द्यावं. आता यात नवरा-बायको बसवून पाहा. मी बायकोला भेटायला निघालोय हे पटवायचं, तर आमचं नातं घट्ट आहे हे दाखवायला हवं. मी परत येईन हे पटवायचं, तर तेच नातं मला तिथं बांधून ठेवण्याइतकं घट्ट नाही, असं दाखवायला हवं. एकाच अर्जात दोन्ही.

सरकारांची बाजू मला कळत नाही असं नाही. खोटी लग्नं होतात, पाहुणे म्हणून गेलेले लोक तिथं राहून जातात. घरमालकानं दार उघडण्याआधी 'कोण आहे' विचारणं यात गैर काही नाही. पण बाहेरच्या माणसानं आपलं नाव सांगितलं की त्याच नावाचा संशय यावा, ही गोष्ट मनाला लागते.

आणि म्हणूनच त्या ओळखीच्या माणसाचा सल्ला मला पटेना. कायद्याच्या दृष्टीनं तो धोक्याचाच होता. अर्जात लपवाछपवी आढळली तर दहा वर्षांपर्यंत त्या देशाचं दार बंद होऊ शकतं. पण मला अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. १९१३ साली एका न्यायाधीशानं बाई मरियमला सांगितलं, तुझं लग्न झालेलं नाही. ते पुसायला बायका तुरुंगात गेल्या. आणि आज, कुणी विचारायच्या आधीच, मी माझ्या हातानं लिहायचं की तिकडे माझं कुणी नाही?

मी रकान्यात लिहिलं: पत्नी.

मग पुरावे गोळा करायला लागलो. निकाहनामा उर्दूत होता, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं होतं. एकोणतीस वर्षांपूर्वीचं काझींचं अक्षर आणि त्यावर पावसाळ्याची बुरशी. भाषांतरकारानं मला फोन करून विचारलं, मेहरची रक्कम नीट लागत नाही, किती होती? मी पाठ म्हणून दाखवली. तो म्हणाला, तोंडी नको, कागदावर दिसतं तेवढंच लिहिता येतं. परत येण्याचे पुरावेही जोडले. शाळेत मी लिपिक आहे, निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, त्या शाळेचं रजा मंजूर केल्याचं पत्र. घराची पावती. आई पंच्याऐंशीची आहे आणि संध्याकाळी माझ्याखेरीज कुणाच्या हातून औषध घेत नाही, हे लिहिलं. त्याचा मात्र कागद नव्हता.

मुंबईच्या अर्ज केंद्रात काचेवर दहाही बोटं टेकवायला सांगितली. यंत्र आहे, शाई लागत नाही. तरी बाहेर पडल्यावर मी नकळत बोटं रुमालाला पुसली. केपच्या बंदरावर अंगठा उमटवून माझ्या पणजोबांनीही तो कशाला तरी पुसला असेल.

निकाल अजून यायचा आहे. त्या रात्री बायकोचा फोन आला. तिची पाळी संपली होती. एका नव्वदीच्या आजोबांना झोपवून ती खोलीवर आली होती. मी अर्जाची सगळी हकिकत सांगितली. काय काय जोडलं, कुठं अडलं, त्या ओळखीच्या माणसानं काय सुचवलं होतं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खरं ते लिहिलंत ना? मग झालं. जेवलात का?"

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)