टिट्मस, एफ. जे. : एका नामक्रमाचा इतिहास

समोरच्या व्यक्तीची सामाजिक पायरी सर्वनामात आणि क्रियापदात दाखविण्याची जी सोय मराठीला आहे, ती आधुनिक इंग्रजीला नाही. तथापि व्याकरणात जागा न मिळालेला भेद अन्यत्र आश्रय शोधतो. इंग्लंडमधील कौंटी क्रिकेटमध्ये हा आश्रय छापील धावपत्रकाने दिला. मानधन न घेणारा हौशी खेळाडू असेल तर त्याची आद्याक्षरे आडनावापूर्वी येत. पोटासाठी खेळणारा व्यावसायिक असेल तर ती आडनावामागून येत, किंवा मुळीच येत नसत. शब्द तेच, अक्षरे तीच. अर्थ केवळ क्रमात होता.

फ्रेड टिट्मस याचे नाव या संकेताशी कायमचे जोडले गेले आहे. लंडनमध्ये २४ नोव्हेंबर १९३२ रोजी जन्मलेला हा ऑफब्रेक गोलंदाज जून १९४९ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, मिडलसेक्सकडून बाथ येथे सॉमरसेटविरुद्ध प्रथम खेळला. पुढील वर्षी लॉर्ड्‌स मैदानावर त्याचे नाव हौशी खेळाडूच्या रीतीने छापले गेले. तेव्हा ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना दुरुस्ती सांगण्यात आली, की 'एफ. जे. टिट्मस' याऐवजी 'टिट्मस, एफ. जे.' असे वाचावे. हा प्रसंग विनोद म्हणून वारंवार सांगितला जातो, परंतु तो निव्वळ विनोद नव्हे. मुद्रणातील इतकी क्षुल्लक चूक हजारो लोकांसमोर सुधारावीशी वाटली, यावरून तो क्रम किती अर्थवाही होता हे कळते.

हा भेद जन्माचा किंवा कौशल्याचा नव्हता, याचा पुरावा त्याच संघात होता. बिल एड्रिच हा १९४७ मध्ये व्यावसायिकाचा हौशी झाला आणि पुढे मिडलसेक्सचा कर्णधारही झाला. माणूस तोच राहिला. आद्याक्षरे मात्र मागची पुढे आली. हौशीपणाचे स्वरूपही संशयास्पद होते. ट्रेव्हर बेली हा एसेक्स कौंटीचा पगारी चिटणीस होता आणि मैदानावर हौशी म्हणून खेळे. वेतन घेण्यास हरकत नव्हती. ते खेळण्याबद्दल घेतले असे दिसू नये, एवढाच कटाक्ष होता.

नोव्हेंबर १९६२ मध्ये कौंटींच्या सल्लागार समितीने हा भेद रद्द करण्याचे ठरविले आणि १९६३ च्या हंगामापासून सर्वच केवळ क्रिकेटपटू झाले. ऐन बहरातील टिट्मसला याचा लाभ मिळाला. १९६३-६४ च्या भारत दौऱ्यात पाचही कसोटी सामने अनिर्णित राहिले. पण टिट्मसने २७ बळी घेतले आणि मुंबईच्या सामन्यात, आजारी व जायबंदी खेळाडूंनी संघ खिळखिळा झाला असता, नाबाद ८४ धावा काढल्या. कसोटीतील हीच त्याची सर्वोच्च धावसंख्या. १९६५ ते १९६८ या काळात तो मिडलसेक्सचा कर्णधार होता. १९६७-६८ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्याच्याकडे इंग्लंडचे उपकर्णधारपद होते. त्याच दौऱ्यात बार्बाडोस येथे नौकेच्या पंख्यात सापडून त्याच्या डाव्या पायाची चार बोटे तुटली. तरीही त्याच वर्षीच्या इंग्लिश हंगामात त्याने शंभराहून अधिक बळी मिळविले.

(मराठी लेखनात परकीय खेळाडूंचा उल्लेख सहसा एकवचनी होतो. त्यामुळे येथे टिट्मस, एड्रिच आणि बेली आपोआप एकाच पंक्तीत बसले आहेत. लॉर्ड्‌सच्या धावपत्रकाला हे साधण्यास १९६३ साल उजाडावे लागले.)

त्याच्या नावावर प्रथम श्रेणीचे एकूण २,८३० बळी आहेत. त्यांपैकी १५३ कसोटीतील. कारकीर्द वस्तुतः १९७० च्या दशकातच आटोपली होती. परंतु ऑगस्ट १९८२ मध्ये लॉर्ड्‌सवर तो सामना पाहावयास आला असता खेळपट्टी फिरकीस अनुकूल दिसल्याने कर्णधार माइक ब्रिअर्लीने त्याला संघात घेतले. एकोणपन्नास वर्षांच्या टिट्मसने सरेच्या दुसऱ्या डावात तीन बळी घेतले आणि मिडलसेक्सने सामना जिंकला.