कृपादान : वयपरत्वे ओळख

कृपादान : ख्रिस्ती धर्मशास्त्रातील संज्ञा. मंडळीच्या उभारणीसाठी पवित्र आत्म्याने व्यक्तीला दिलेले सामर्थ्य, असा तिचा अर्थ. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’. तो कृपा या अर्थाच्या ‘खारिस’वरून आला. मराठीत ‘आत्मिक दान’ असेही म्हणतात. रोमकरांस पत्र (अ. १२), करिंथकरांस पहिले पत्र (अ. १२) आणि इफिसकरांस पत्र (अ. ४) यांत या दानांच्या याद्या आहेत, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. संदेश देणे, रोग बरे करणे, अन्य भाषा बोलणे यांच्या पंगतीला दया करणे, मदत करणे, कारभार पाहणे ही साधी कामेही बसलेली दिसतात. तेव्हा याद्या नमुन्यादाखल समजाव्यात.

दान कोणत्या वयात कळावे याला बायबलात नियम नाही. शिलो येथे पोरवयाच्या शमुवेलाला रात्री हाक आली. ती याजक एलीचीच समजून तो तीनदा उठून त्याच्याकडे धावला. हाक देवाची आहे हे शमुवेलाला नव्हे, तर नजर अधू झालेल्या एलीला उमगले. मोशे फारोपुढे उभा राहिला तो ८० व्या वर्षी. तरुण तीमथ्याचे दान वडीलवर्गाने हात ठेवून मान्य केले. पुढे ते चेतवण्याची आठवण पौलाला पत्रातून करून द्यावी लागली. एकंदरीत दान ज्याचे त्याला कळण्याआधी पुष्कळदा दुसऱ्याला दिसते.

मंडळीच्या रोजच्या व्यवहारातही हेच घडते. शब्बाथशाळेत धाकट्यांना गोष्ट सांगणारी मुलगी, तरुण संघाचा हिशेब चोख ठेवणारा मुलगा, कोणाच्या घरी आजारपण आले की न सांगता डबा घेऊन पोचणारी मावशी : यांतल्या कोणालाही आपल्यापाशी ‘दान’ आहे असे वाटत नसते. पाळक किंवा एखादी वडीलधारी बाई काम सोपवते, तेव्हा ते उघड होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत पीटर वॅग्नर आदींनी दाने ओळखण्याच्या प्रश्नावल्या प्रचारात आणल्या. सुरुवात म्हणून त्या ठीक. पण माणसाची आवड आणि मंडळीची गरज यांतला फरक कागदावर कळत नाही. कॅथलिक परंपरेत दृढीकरण संस्काराशी जोडलेली पवित्र आत्म्याची सात दाने (यशया, अ. ११) ही वेगळी कल्पना आहे, दोन्हींची गल्लत करू नये.

मराठी ख्रिस्ती समाजातली उदाहरणे बोलकी आहेत. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) संस्कृत पुराणे सांगत गावोगाव फिरलेल्या. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी उतारवयात अंगावर घेतले आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. त्यांनी चालवलेल्या केडगावच्या मुक्ती सदनात या बायबलाचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तिथल्या मुली-बायकाच करीत. त्याच सदनात १९०५ मध्ये जे आत्मिक जागरण झाले, त्यात पुढे होत्या त्याही याच मुली.

कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. कवित्व त्यांच्यापाशी आधीपासून होते, बदलला तो त्याचा धनी. मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडायला मात्र १९१७ साल उजाडावे लागले.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६) उदाहरण याहून नवलाचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाई लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकल्या. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते आणि लक्ष्मीबाईंनी पन्नाशी गाठली होती. ते महाकाव्य पुरे करण्याचे काम त्यांनी उचलले आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपाने आले ते त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये.