१७२९६ आणि १८४१६: श्रेयाचा हिशेब
२२० आणि २८४ या मित्रसंख्या. २२०ला नि:शेष भाग देणाऱ्या, २२० सोडून, सर्व संख्यांची बेरीज २८४ येते. २८४ची तशीच बेरीज २२०. प्राचीन ग्रीकांना एवढी एकच जोडी माहीत होती.

नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा यांनी अशा जोड्या शोधण्याचा नियम सिद्ध केला. त्या नियमातून २३, ४७ आणि ११५१ या मूळ संख्या हाती येतात. १६ × २३ × ४७ म्हणजे १७२९६. १६ × ११५१ म्हणजे १८४१६. ही नवी जोडी! इराणचे कमालुद्दीन फारसी यांनी ती १३००च्या सुमारास मांडली. फ्रान्सच्या फर्मा यांना ती १६३६मध्ये सापडली आणि दीर्घकाळ त्यांच्याच नावावर राहिली.

हे आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवे. पण साबित मुसलमान नव्हते, हर्रानच्या साबी पंथाचे होते, हेही त्याच दमात सांगायला हवे. बगदादने त्यांचा धर्म नव्हे, विद्या पाहिली. स्वतःचे श्रेय मागताना दुसऱ्याचे झाकले, तर आपलाही हिशेब चुकतो.