दोष कोणाचा? अतिचंचल मुलाची अडीचशे वर्षे

पहिली-दुसरीच्या वर्गात असे एखादे मूल असतेच. बाकावर बसल्या बसल्या त्याचे पाय हलत असतात. आपला प्रश्न पुरा होण्याआधीच ते उत्तर ओरडते, आणि खेळात आपली पाळी येईपर्यंत त्याला दम निघत नाही. दप्तरात डबा सापडला तर पाण्याची बाटली हरवलेली असते. प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो : 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' पालकसभेत त्याच्या आईला चार शब्द ऐकावे लागतात. घरी वळण लावा, लाड कमी करा, जरा धाक ठेवा. आई मान खाली घालून ऐकते. हेच तिने नातेवाइकांकडून आणि शेजाऱ्यांकडून आधीच ऐकलेले असते.

अशा सगळ्याच मुलांना काही झालेले असते असे नाही. लहान मूल चुळबुळ करणारच. पण काही मुलांत ही चंचलता वयाच्या मानाने फारच जास्त असते. ती घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसते, महिनोन् महिने टिकते आणि तिच्यामुळे शिकणे, मैत्री, घरातले साधे व्यवहारही अडतात. या स्थितीला अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे म्हणता येईल. डॉक्टरमंडळी इंग्रजी आद्याक्षरे घेऊन तिला 'एडीएचडी' म्हणतात. हे नाव १९८७ सालचे आहे, पण असे मूल मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याचा इतिहास चाळला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जवळजवळ प्रत्येक काळाने या चंचलतेचा दोष कोणाच्या तरी माथी मारला, आणि तो माथा बरेचदा आईवडिलांचा होता. हा दोष कसा चिकटला आणि कसा निघाला, ते आपण पाहू.

छडीने न सुटलेले कोडे

१७७५ च्या सुमारास जर्मन वैद्य मेल्खिओर आडाम वायकार्ट याने अवधान न टिकणाऱ्या माणसांचे वर्णन केले. याचे एक कारण त्याला वाईट संगोपनात दिसले. उपाय म्हणून त्याने अंधारात एकटे ठेवणे, थंड पाण्याने स्नान, लोखंडाची पूड, सिंकोनाची साल आणि घोड्यावरची रपेट सुचवली. आज हसू येईल. पण अवधानाचा दोष हा वैद्यकाचा विषय आहे, हे निदान कोणाला तरी सुचले होते.

१७९८ मध्ये स्कॉटलंडचा वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन याने मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधान आणि त्याचे विकार यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. असा दोष जन्मापासूनही असू शकतो, आणि वयाबरोबर तो बहुधा कमी होतो, असे त्याचे म्हणणे होते. शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे त्याचे एक निरीक्षण आहे. काही मुलांना लॅटिन आणि ग्रीक व्याकरण इतके नीरस वाटते, की छडीची भीती दाखवली किंवा प्रेमाने समजावले तरी त्यांचे लक्ष तिकडे वळत नाही. म्हणजे छडीचा उपयोग होत नाही, हे दोनशे वर्षांपूर्वीच नोंदले गेले होते!

पुढे फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख होफमान यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या लहानग्या मुलासाठी स्वतः चित्रे काढून गमतीच्या पद्यांची एक वही तयार केली. १८४५ मध्ये ती छापली गेली आणि पुढच्या आवृत्त्यांत तिच्यात भर पडत गेली. त्यातला फिलिप जेवणाच्या टेबलाशी खुर्ची झुलवतो आणि शेवटी टेबलावरच्या कापडासकट सारे जेवण ओढून खाली पडतो. ही करमणुकीची गोष्ट आहे, रोग्याची नोंद नव्हे. तरीही त्या काळी घराघरांत काय समजले जात होते ते तिच्यातून कळते. मूल सांगितलेले ऐकत नाही, आणि आईवडिलांची भरल्या टेबलावर फजिती होते.

शाळा सक्तीची होते

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात शाळा हळूहळू सर्वांसाठी आणि सक्तीची झाली. इंग्लंडमध्ये १८८० च्या कायद्याने पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत जाणे बंधनकारक केले. शेतात, रस्त्यावर, कामाच्या ठिकाणी वावरणारी मुले आता तासन् तास बाकावर बसू लागली. जे मूल बसू शकत नव्हते ते प्रथमच सर्वांच्या नजरेत आले. डॉक्टरांचे लक्ष या मुलांकडे यानंतरच्या काळात अधिक वळले, हा आमच्या मते केवळ योगायोग नव्हे.

१९०२ च्या मार्च महिन्यात बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्याने दिली. बुद्धीत काही उणे नसलेल्या, पण स्वतःला आवरू न शकणाऱ्या वीस मुलांची हकीकत त्यांनी मांडली. या स्थितीला त्यांनी नैतिक संयमाचा दोष म्हटले. आज हे शब्द कानांना खटकतात, कारण त्यात मूल वाईट असल्याचा वास येतो. पण याच स्टिल यांनी असेही नोंदले, की यांतली काही मुले चांगल्या घरांत, काळजीने वाढवलेली होती. मग सगळा दोष वळणाचा कसा?

याचे एक उत्तर एका साथीने पुढे आणले. १९१७ पासून दहाएक वर्षे मेंदूला सूज आणणारा एक रोग जगभर पसरला. त्यातून वाचलेली कित्येक मुले पार बदलून गेली. आधी शांत असलेली मुले आता अस्वस्थ, उतावळी आणि अनावर झाली होती. आईबाप तेच होते, घर तेच होते. बदलला होता तो मेंदू. यातून डॉक्टरांनी एक घाईचा निष्कर्ष काढला : चंचल मूल दिसले की त्याच्या मेंदूला कुठेतरी इजा झालेलीच असणार. इजेचा पुरावा सापडला नाही तर ती 'सूक्ष्म' आहे असे म्हणायचे! १९६२ मध्ये ऑक्सफर्डला जमलेल्या तज्ज्ञांनी हा तर्क अमान्य केला. नुसत्या वागण्यावरून मेंदूची इजा ठरवता येत नाही, असे त्यांनी बजावले. त्याआधी १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या बालमानसतज्ज्ञ स्टेला चेस यांनीही अतिचंचलता आणि मेंदूची इजा या दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या, आणि पालकांवरचा ठपकाही दूर करायचा प्रयत्न केला होता.

गणिताच्या गोळ्या

दरम्यान १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातील ब्रॅडली होम या मुलांच्या रुग्णालयात एक अनपेक्षित गोष्ट घडली होती. तिथे मेंदूच्या तपासणीसाठी पाठीच्या कण्यातले पाणी काढले जाई आणि त्यानंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी त्यावर बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण शिक्षकांनी वेगळेच सांगितले : काही मुले अभ्यासात एकदम रमू लागली होती. मग ब्रॅडलींनी तीस मुलांवर हे औषध पद्धतशीरपणे वापरून पाहिले. सुमारे निम्म्या मुलांच्या शाळेच्या कामात ठळक सुधारणा दिसली. मुलांनी त्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नावही ठेवले. उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिर व्हावे, हे त्या वेळी कोडेच होते. आज आपण जाणतो की अशी औषधे मेंदूतल्या डोपामिनसारख्या संदेशवाहक द्रव्यांचे प्रमाण वाढवतात आणि त्यामुळे स्वतःला आवरणे सोपे जाते.

अशा औषधाने पुढे आणखी एक काम केले आणि आमच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. अतिचंचल मुलांच्या आया सतत हुकूम सोडतात, रागावतात, मुलाच्या चांगल्या वागण्याकडे कमी लक्ष देतात, असे संशोधकांना दिसले होते. त्यावरून निष्कर्ष सोपा वाटत होता : आई अशी, म्हणून मूल तसे. १९७९ मध्ये रसेल बार्क्ली आणि चार्ल्स कनिंगहॅम यांनी हे तपासले. मुलांना काही दिवस औषध आणि काही दिवस तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणत्या दिवशी काय दिले हे आईला ठाऊक नव्हते. औषधाच्या दिवसांत मुले अधिक ऐकू लागली, आणि मग आयाही बदलल्या. हुकूम कमी झाले, प्रतिसाद वाढला. आयांना कोणी काही शिकवले नव्हते. म्हणजे आईचे ओरडणे हे बऱ्याच अंशी मुलाच्या चंचलतेचे कारण नसून परिणाम होते. सगळे जण बाण उलट्या दिशेने काढत होते.

नंतरच्या संशोधनाने याला दुजोराच दिला. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून असे दिसते, की या लक्षणांत माणसामाणसांत आढळणाऱ्या फरकापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग आनुवंशिक आहे. २००७ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात मेंदूच्या बाह्य थराची जाडी वर्षानुवर्षे मोजली गेली. इतर मुलांत ती साडेसात वर्षांच्या सुमारास कमाल होई. या मुलांत साडेदहाच्या सुमारास. वाढीचा क्रम तोच होता, फक्त ती उशिरा होत होती. या मुलांशी वागताना त्यांचे वय दोन-तीन वर्षांनी कमी धरावे, हे म्हणूनच व्यवहारातही शहाणपणाचे ठरते.

साखरेचे काय?

'गोड खाल्ले की हा अंगात आल्यासारखा करतो,' असे अनेक पालक सांगतात. १९९४ मध्ये डॅनियल हूव्हर आणि रिचर्ड मिलिक यांनी पाच ते सात वर्षांच्या अशा मुलग्यांना त्यांच्या आयांसह बोलावले. सर्व मुलांना साखर नसलेले गोड पेय दिले. निम्म्या आयांना मात्र सांगितले, की यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपली मुले अधिक चंचल वाटली. इतकेच नव्हे, त्या मुलांच्या अधिक जवळ घुटमळल्या आणि त्यांनी मुलांना अधिक टोकले. मुलाबद्दलचा आपला समज आपले वागणे कसे बदलतो, याचा हा नमुना शिक्षकांनीही ध्यानात ठेवावा असा आहे.

कारण नव्हे, पण उपाय

मग पालकांचे वागणे बिनमहत्त्वाचे आहे का? नाही. इथेच या इतिहासाचे खरे वळण आहे. चश्मा लागणे हा आईचा दोष नसतो, पण चश्मा करून देणे तिच्याच हाती असते.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी लहान मुलांच्या आयांसाठी दोन टप्प्यांची पद्धत बसवली. पहिल्या टप्प्यात आईने काही वेळ मुलाच्या खेळात सामील व्हायचे. हुकूम नाही, प्रश्न नाही; मूल काय करते ते पाहायचे आणि चांगल्या वागण्याची लगेच दखल घ्यायची. दुसऱ्या टप्प्यात थोड्या, स्पष्ट सूचना द्यायच्या आणि त्या पाळल्या न पाळल्याचा ठरलेला, सौम्य परिणाम न रागावता घडू द्यायचा. त्याच राज्यात जेरल्ड पॅटरसन यांनी दाखवले, की आई ओरडते, मूल आणखी ओरडते, शेवटी थकून आई सोडून देते, आणि अशा रीतीने दोघेही एकमेकांना ओरडायलाच शिकवत जातात. हे चक्र तोडता येते, ते मोठ्या माणसाने आधी बदलून.

या पद्धती विशेष उपयोगी ठरल्या त्या शाळेआधीच्या वयात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांच्या पालकांना आधी दहा आठवड्यांचे प्रशिक्षण दिले गेले. काही मुले तेवढ्यानेच इतकी सुधारली, की पुढच्या औषधाच्या टप्प्याची गरज उरली नाही. या वयात औषधाचा गुण मोठ्या मुलांपेक्षा कमी आला आणि चिडचिड, भूक मंदावणे असे त्रास अधिक झाले. म्हणून २०११ पासून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे, की चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण, औषध नंतर, आणि तेही गरज पडली तरच. मोठ्या मुलांत औषधाचा उपयोग सिद्ध झालेला आहे. तो तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवायचा.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली, निदान करण्याची घाई नको. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये असे आढळले, की वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्यांना, जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा हे निदान मिळण्याचे प्रमाण मुलग्यांत ३० आणि मुलींत ७० टक्क्यांनी जास्त होते. वय लहान असणे हा काही आजार नव्हे. तेव्हा आधी हजेरीपटावरची जन्मतारीख पाहावी.

दुसरी गोष्ट पालकसभेची. आनुवंशिकतेचा अर्थ असाही होतो, की समोर बसलेल्या आईला किंवा वडिलांनाही कधीकाळी असेच शेरे मिळालेले असतील. सूचना विसरणाऱ्या मुलाचे पालकही सूचना विसरत असतील, तर ती बेफिकिरी नव्हे. त्यांना लांबलचक उपदेशापेक्षा एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहून द्यावी. आणि त्या चिठ्ठीची सुरुवात मुलाने त्या आठवड्यात केलेल्या एखाद्या चांगल्या कामाने करावी. बोल लावून अडीचशे वर्षांत काही साधले नाही. पालकांना सोबत घेतले तेव्हा साधले, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे.