वेणू, पेटी आणि दिल्लीची नभोवाणी

फुंकवाद्य आणि पट्टीवाद्य यांची जोडी पाश्चात्त्य कक्षसंगीतात फार जुनी. क्लॅरिनेट किंवा बासरीला पियानोची साथ तेथे सहज लाभते, कारण दोघांचीही स्वरव्यवस्था एकच असते. दिल्लीत मात्र या दोन कुळांमध्ये जो प्रसंग घडला, तो मैत्रीचा नव्हे, हद्दपारीचा होता. आणि त्याची झळ महाराष्ट्राला विशेष लागली.

1 जानेवारी 1936 रोजी दिल्ली केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी भारतीय नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. तिचे नियंत्रक लायोनेल फील्डन. दिल्लीत पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी 1937 मध्ये इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांच्याकडे आली. भारतीय आणि युरोपीय वाद्ये एकत्र आणणारा वाद्यवृंद उभारण्याची त्यांची खटपट होती. श्रुतींचे त्यांना अतोनात आकर्षण असल्यामुळे हार्मोनियमविषयी त्यांनी कडक भाषेत लिहिले. पियानोच्या पट्ट्यांवर वाढलेल्या संगीतकारानेच पेटीच्या पट्ट्यांना दोष द्यावा, यात थोडी गंमत आहेच. 1939 मध्ये कलकत्त्यात फोल्ड्स निवर्तले. 1 मार्च 1940 पासून पेटीला नभोवाणीचे दार बंद झाले. रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारखे थोरही या बंदीच्या बाजूने होते.

आक्षेप पोकळ नव्हता. पेटीचे सूर आधीच ठरलेले. दोन सुरांमधली वाट तिला चालता येत नाही. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार तिच्या पट्टीवर एका जागी खिळून राहतो. परंतु गोविंदराव टेंबे यांनी संगीत रंगभूमीच्या काळात याच वाद्यातून जो गाता भाव काढला, तो ऐकलेल्या मराठी रसिकाला हा निवाडा पटणे अवघड होते. वाद्याच्या मर्यादेसाठी वादकाला शिक्षा, असेच त्याचे स्वरूप होते. गायकाच्या मागे धरलेला सूर काढून घेतला गेला. साथीचा भार मुख्यतः सारंगीवर पडला.

पेटीजवळ जे नव्हते, ते बासरीजवळ होते. छिद्र अर्धे झाकून, फुंकेचा दाब व ओठांचा कोन बदलून वादक सुरापासून सुरापर्यंत घसरत जाऊ शकतो. उणीव होती ती भारदस्तपणाची. लोकसंगीताची व चित्रपटाची हलकीफुलकी साथ एवढेच तिचे क्षेत्र मानले जाई. ते पालटले पन्नालाल घोष यांनी. 1911 मध्ये बारिसाल येथे जन्मलेल्या या वादकाने सुमारे बत्तीस इंचांची बासरी घडवली आणि तिला सातवे छिद्र दिले. त्यामुळे खर्जातला विस्तार आणि ख्यालाची संथ बढत बांबूच्या नळीत मावू लागली. त्यांचे पहिले गुरू खुशी मोहंमद खाँ हे नामवंत पेटीवादक होते, ही गोष्ट बंदीच्या कैवाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी होती.

1956 मध्ये पन्नालाल दिल्लीत राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. 20 एप्रिल 1960 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. दिल्लीचा काळ चारच वर्षांचा. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आसपास संपे. तेवढ्यात आलापाचे दार उघडते न उघडते तोच ते लोटावे लागे. नभोवाणीच्या बैठकीला त्याहून पुष्कळ अधिक अवधी होता, पण प्रक्षेपण थेट असे आणि फीत महाग. जे फितीवर उतरले तेवढेच उरले, बाकीचे हवेत विरले. म्हणून त्यांची जी थोडी दीर्घ ध्वनिमुद्रणे मिळतात, त्यांना वादनाच्या नमुन्यापेक्षा पुराव्याचे मोल अधिक आहे. सावकाश उलगडणारा मंद्र षड्‌ज ऐकल्यावर लांब बासरीचा हट्ट कशासाठी होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

परंपरा शिष्यांतूनही वाहिली. जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांच्याकडून ती पुण्याच्या केशव गिंडे यांच्यापर्यंत पोहोचली. ध्वनिमुद्रणांचे जतन हा मात्र निराळाच व्यवहार. 1982 मध्ये पुण्यात सुरू झालेले मानववंशसंगीतविषयक संग्रहालय व संशोधन केंद्र पुढे दिल्लीला आणि तेथून गुरुग्रामला गेले. संगीताच्या फिती जपणे हेच त्याचे काम.

पेटीवरील बंदी 1971 च्या सुमारास सैल झाली. साथीला मुभा मिळाली, एकलवादनाला मात्र पुढेही दीर्घकाळ थांबावे लागले. तोपर्यंत टेंबे यांना जाऊन सोळा वर्षे लोटली होती.