उशाजवळची दिवळी

उर्दूच्या तासाला 'ताक' हा शब्द आला की वर्गात हसू फुटतंच. मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच मठ्ठ्याचा ग्लास उभा राहतो. मग मी समजावतो की हा ताक वेगळा. मूळ अर्थ कमान, आणि त्यावरून भिंतीतला कमानदार कोनाडा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या 'ताक रातें'मध्येही हाच शब्द, पण तिथे त्याचा अर्थ 'विषम'. दोन वर्षांपूर्वी हे सगळं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, पण भिंतीत कोनाडा कसा असतो?" तो थट्टा करत नव्हता. मी वर्गात विचारलं, कुणाकुणाच्या घरात कोनाडा आहे? चाळीस मुलांत दोन हात वर आले.

त्याच हिवाळ्यात अम्मी रात्री पाणी प्यायला उठली आणि पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, आणि घरी आणताना डॉक्टरांनी सांगितलं की रात्री लागणारी प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर ठेवा, वाकायला लावू नका, उठायला लावू नका. तोपर्यंत तिच्या पलंगाजवळ काय होतं? फरशीवर पाण्याचा तांब्या, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर औषधांची पिशवी, उशीखाली चष्मा आणि तसबीह. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच रात्री ती म्हणाली, "हाथ कू कुछ लगताच नै रे बेटा. दिवळी थी तो अच्छा था."

(दखनीतला हा 'च' मराठीने दिलेला आहे. उर्दूच्या वर्गात मी तो खोडतो आणि घरी ऐकला की बरं वाटतं.)

दिवळी. औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात अम्मीच्या बाजेच्या उशाशी एक दिवळी होती. घर माळवदाचं. भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच हात जाड. त्या जाडीतच आतून एक वीतभर खोल कमान सोडलेली. तिच्यात चिमणी, काड्यापेटी, सुरम्याची डबी, अमृतांजनची बाटली. वरच्या अंगाला, पुरुषभर उंचीवर, आणखी एक ताक होता. त्यात जुजदानात गुंडाळलेलं कुरआन. खालच्या दिवळीत काहीही ठेवलं तरी चालायचं, वरच्या ताकात दुसरं काही ठेवायची कुणाची टाप नव्हती. अम्मी अंधारात डोळे न उघडता हात लांब करायची आणि हवी ती वस्तू काढायची.

आज फर्निचरच्या दुकानात आपण 'बेडसाइड टेबल' म्हणून जे मागतो, ते आमच्याकडे भिंतीत होतं. मग ते भिंतीतून बाहेर कधी आलं, हे शोधायला मी बसलो.

विलायतेत या टेबलाचा जन्म फारसा अभिमानास्पद नाही. अठराव्या शतकात तिथल्या श्रीमंत घरांत पलंगाजवळ जे छोटं कपाट असे, ते मुख्यतः रात्रीचं लघवीचं भांडं लपवायला असे. जॉर्ज हेपलव्हाइट या इंग्रज कारागिराचं फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1788 मध्ये छापलं गेलं. त्यात या भांड्याच्या कपाटांची नेटकी चित्रं आहेत. त्या काळच्या अशा पुष्कळ कपाटांच्या माथ्याला तबकासारखा उंच काठ असे, वरची वस्तू घरंगळू नये म्हणून. पुढे घरात नळ आणि संडास आले, भांडं गेलं, कपाट मात्र जागेवर राहिलं. त्यावर दिवा आला, पुस्तक आलं, घड्याळ आलं. 'कमोड' शब्दाचा प्रवास याच खोलीतला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'सोयीचं'. आधी तो खणांच्या देखण्या कपाटाला लागला, मग भांडं लपवणाऱ्या फर्निचरला, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत थेट संडासाला.

आपल्याकडे उशाशी टेबल नव्हतं याचं एक कारण म्हणजे उशीचीच जागा ठरलेली नव्हती. इब्न बतूता 1333 मध्ये सिंधू ओलांडून हिंदुस्थानात आला, दिल्लीत काझी झाला, आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. इथल्या खाटेचं त्याला मोठं अप्रूप वाटलं. इतकी हलकी की एक माणूस उचलतो, आणि प्रवासी आपली खाट बरोबर घेऊन फिरतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. चार पाय, चार दांड्या आणि मध्ये विणलेली रेशमाची किंवा सुताची पट्टी. आमच्या घरी सहाशे-साडेसहाशे वर्षांनंतरही हेच चाललं होतं. उन्हाळ्यात बाजा माळवदावर, पावसाळ्यात ओसरीत, थंडीत आत. जो पलंग रोज हलतो त्याच्या शेजारी जड टेबल ठेवून काय करणार? बाजेबरोबर तांब्या आणि कंदील फिरायचे, बस्स. घर बैठकीचं होतं: जेवण दस्तरखानवर, लिहिणं मांडी घालून, कुरआन रिहलवर. प्रेषितांनी (स.) कधी उंच मेजावर जेवण घेतलं नाही, जमिनीवर सुफरा पसरून घेतलं, असं हजरत अनस यांचं कथन बुखारीत आहे. हे सांगून मी टेबलाला विरोध करतो आहे असं कुणी समजू नये. जमिनीवरचं जगणं हे निव्वळ गरिबीचं लक्षण नव्हतं, एवढाच मुद्दा.

बादशहाच्या घरातही कोनाडाच होता. आग्र्याला नूरजहाँने वडिलांसाठी बांधलेल्या इतमादुद्दौलाच्या मकबऱ्यात भिंतीवर कोनाडे आणि त्यांत सुरया, फुलदाण्या रंगवलेल्या आहेत. खऱ्या कोनाड्यांच्या अशा रांगेला चिनीखाना म्हणत, कारण त्यात चिनी मातीची भांडी मांडत. दिल्लीच्या लाल किल्ल्यात सावन आणि भादों या मंडपांतले छोटे कोनाडे दिवसा फुलं आणि रात्री दिवे ठेवायला होते. त्या दिव्यांपुढून पाणी पडायचं. आमच्या दिवळीतली चिमणी आणि हा थाट यांत फरक पैशाचा होता. कल्पना एकच, भिंत जाड आहे तर तिची जाडी वापरा. कुरआनच्या सूरह नूरमध्ये प्रकाशाचा दृष्टांत देताना दिवा ठेवला आहे तोही कोनाड्यातच. तिथला शब्द 'मिश्कात'.

मग तिवई? ती होती. तीन पायांची म्हणून तिवई, उर्दू-हिंदीत तिपाई. साहेबाने ती पाहिली, नाव उचललं आणि इंग्रजीत 'टीपॉय' झालं. 'टी' म्हणजे चहा असा तिथे समज झाला आणि एकोणिसाव्या शतकात चहाचे डबे ठेवायच्या खास चौरंगालाही ते नाव मिळालं. मग तोच शब्द चार पाय लावून परत आपल्या दिवाणखान्यात आला. आज आपण 'टीपॉयवर चहा ठेव' म्हणतो आणि आपल्याच शब्दाला इंग्रजी समजतो. अलमारी पोर्तुगीजांची. मेज फारसीतही आहे आणि पोर्तुगीजमध्येही 'मेझा' आहे, त्यावर विद्वानांचा वाद चालू दे. हे सगळं फर्निचर आपल्या गावांपर्यंत आलं तरी दिवळी हटली नव्हती.

ती हटली 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गेली, आणि बहुतेक सगळी स्वतःच्या घराखाली. नंतर इंजिनिअर मंडळींनी कारण सांगितलं ते असं. आमच्या जाड भिंती दिसायला एक, पण प्रत्यक्षात दोन. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगड-मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, चुना-सिमेंट नाही. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटतात. वर माळवदाचा मातीचा बोजा. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या.

आमचं गाव वाचलं. घराला भेगा गेल्या. अम्मीच्या दिवळीच्या कमानीतून एक भेग थेट आढ्यापर्यंत गेली होती. तिच्यात माझी बोटं जायची. त्यानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपलो. ज्या भिंतीला टेकून आयुष्य गेलं तिच्याजवळ जायला अब्बा घाबरत. अखेर त्यांनी घर उतरवलं, सागवानी खांब आणि तुळया विकल्या नाहीत, एका बाजूला रचून ठेवल्या, आणि कॉलम-बीम घालून स्लॅबचं घर बांधलं. आतल्या भिंती चार इंची विटांच्या. चार इंचांत दिवळी कोरता येत नाही. अम्मीने एकदाच विचारलं होतं, एवढीशी ठेवता येणार नाही का? गवंडी हसला. मीही हसलो होतो, ते आता आठवतं.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागणार नव्हतं. आमच्या भागात दिवळी फॅशन बदलली म्हणून गेली नाही, भीतीने गेली. आणि भीती खरी होती. जुन्या घरांबद्दल हळहळणारे लेख मीही वाचतो. ते लिहिणाऱ्यांपैकी कुणी त्या भिंतीखाली झोपलेलं नसतं. पण दिवळी जाताना तिचं काम कुणाकडे सोपवून गेली नाही, आणि त्याचा हिशेब अम्मीच्या खुब्याने चुकवला.

दुकानात गेलो. चकचकीत टेबलं होती, काचेच्या माथ्याची, टोकदार कोपऱ्यांची, पलंगापेक्षा बरीच ठेंगणी. अम्मीला वाकावं लागलं असतं. शेवटी अब्बांनी ठेवलेल्या लाकडातला एक खांब काढला आणि मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी पलंग मापला. गादीसकट एकवीस इंच भरला, म्हणून टेबलही एकवीस इंच. "सर, एक इंच खाली चालंल, वर नको. झोपंत हात आपटतो," ते म्हणाले. कोपरे गोल केले. माथ्याला अर्ध्या इंचाची पट्टी मारली, गोळी घरंगळू नये म्हणून. हेपलव्हाइटच्या काळातला काठ मी नंतर वाचला. मिस्त्रींनी तो न वाचताच केला होता. ड्रॉवरला गोल मूठ न लावता खाच पाडली, पदर अडकत नाही. एक अडचण मिस्त्रींनाही सुटली नाही. पंजसूरा ड्रॉवरमध्ये ठेवायला अम्मी तयार होईना, ड्रॉवर पायांच्या पातळीला येतो म्हणून. मग पलंगावर, बसल्या जागी हात पोचेल अशा उंचीवर, भिंतीला एक फळी ठोकली. म्हणजे पुन्हा खालची दिवळी आणि वरचा ताक.

टेबलावर आता काय असतं ते सांगतो, कारण घरात म्हातारं माणूस असलेले वाचक हेच विचारतील. झाकणाचा पेला. रात्री भांडी झाकून ठेवा आणि दिवे विझवा, नाहीतर उंदीर वात ओढून घर पेटवील, अशी हदीस अम्मीला पाठ आहे. दिव्याच्या जागी हाताशी बटण असलेला छोटा बल्ब आहे, तो मात्र ती विझवत नाही. चष्मा एका वाटीत. त्या रात्रीची तेवढीच औषधं. पूर्ण पाकिटं दुसऱ्या खोलीत, अर्धवट झोपेत दोनदा घेतली जाऊ नयेत म्हणून. एक घंटी, जी ती कधी वाजवत नाही, हाकच मारते. फुलदाणी माझ्या बायकोने ठेवली होती, तीन दिवसांनी अम्मीने ती खिडकीत नेऊन ठेवायला लावली. जागा अडते म्हणाली.

सुरुवातीला टेबल पलंगाच्या डाव्या बाजूला होतं. अम्मी आयुष्यभर उजव्या कुशीवर झोपत आली, पण त्या खुब्यावर भार देता येत नव्हता. गेल्या महिन्यात तिने मला बोलावून टेबल उजवीकडे घ्यायला सांगितलं.